व्हील अलाइनमेंटचे २,५१३ रुपये: यात नेमके कशाचे पैसे घेतले?

प्रश्न (गोडोली, सातारा)

नमस्कार. माझ्याकडे सात वर्षे जुनी छोटी हॅचबॅक आहे आणि तिचे ४८,००० किलोमीटर झाले आहेत. लिंब खिंडीच्या पुढे सरळ रस्ता लागला की गाडी डावीकडे ओढते, असे महिनाभरापासून जाणवत होते, म्हणून गेल्या रविवारी एका वर्कशॉपमध्ये अलाइनमेंट करून घेतले. सुरुवातीला ४०० रुपये सांगितले होते. हातात आलेले बिल मात्र असे होते: अलाइनमेंट ४००, चार चाकांचे बॅलन्सिंग ८० प्रमाणे ३२०, त्यासाठीची वजने ७० ग्रॅम, ग्रॅमला ३ रुपये दराने २१०, दोन चाकांचे कॅम्बर करेक्शन १,२०० आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,५१३ रुपये. कॅम्बर करेक्शन कशासाठी, असे विचारल्यावर "मशीनने लाल दाखवले" एवढेच उत्तर मिळाले. गाडी अजूनही किंचित ओढते. जाणकारांनी कृपया हे बिल समजावून सांगावे.

उत्तर (विश्रामबाग, सांगली)

मी चौदा वर्षे टायरचे दुकान चालवले आहे, त्यामुळे बिलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आपल्या बिलात तीन वेगवेगळी कामे आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजणे आणि जे कोन बदलता येतात ते कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणणे. बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचा भार सर्व बाजूंनी सारखा करणे, हे पूर्णपणे निराळे काम आहे. ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर त्याची गरज असते, गाडी ओढण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. वजनांचे पैसे ग्रॅमवर घेण्याची पद्धत सर्वत्र आहे, त्यात वावगे काही नाही. फक्त रिमवरची जुनी वजने काढून मगच चाक मशीनवर चढवले का, हे उभे राहून पाहावे.

खरा प्रश्न त्या १,२०० रुपयांचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये पुढच्या चाकांचा टो एवढाच कोन बदलण्याची सोय असते. दोन्ही चाके समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, तो टो. टाय रॉडचा (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) लॉकनट सैल करून रॉड फिरवला की तो जुळतो. कॅम्बर म्हणजे चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर झुकणे. तो बदलण्याची सोयच नसलेल्या गाड्यांमध्ये काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटचा (चाकावरच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबाचा) भाग अक्षरशः दाबून वाकवतात आणि त्याला करेक्शन म्हणतात. हे मला कधीच पटले नाही. कॅम्बर खरोखर मर्यादेबाहेर गेला असेल, तर एखाद्या खड्ड्यात लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), स्ट्रट किंवा नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) यांपैकी काहीतरी वाकले आहे असे समजावे आणि तो भाग बदलावा. वाकलेल्याला उलटे वाकवून धातूची ताकद परत येत नाही.

कामाआधीचा आणि कामानंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. ते घेणे हा आपला हक्क आहे, कारण मोजमापाचेच पैसे आपण दिले आहेत. कॅम्बरची ओळ वगळली असती तर कर धरून बिल सुमारे १,०९७ रुपये झाले असते.

उत्तर (कोरेगाव)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात माझ्या अनुभवाची भर घालतो. आमच्याकडे उसाच्या हंगामात रस्त्याची जी अवस्था होते, त्यात माझ्या गाडीच्या लोअर आर्मचे बुश (जोडातले रबर) फाटले होते. ते लक्षात न आल्याने मी चार महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केले. दर वेळी स्क्रीनवर सगळे हिरवे, म्हणजे मर्यादेत, दिसायचे आणि आठवड्याभरात ओढ परत यायची. बुश सैल असेल तर ब्रेक लावताच चाक जागेवरून हलते, मग उभ्या गाडीवर जुळवलेला कोन रस्त्यावर टिकणार कसा? म्हणून मशीनचे सेन्सर लावण्यापूर्वी मिस्त्रीकडून बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासून घ्यावेत. चारही टायरची हवा तेव्हाच बरोबर करावी.

एक परीक्षा घरीही करता येते. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने रबराच्या कडा करवतीसारख्या हाताला लागत असतील, तर टो बिघडलेला आहे. शिवाय पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये थोडी ओढ निरोगी गाडीलाही जाणवते. पुढची दोन चाके आपसात बदलून पाहा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरमध्ये आहे. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नये.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आज वर्कशॉपमध्ये जाऊन दोन्ही प्रिंट घेतले. कामाआधीच्या प्रिंटवर पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर हिरव्यातच आहे. लाल होता तो फक्त टो. तो प्रिंट समोर ठेवल्यावर त्यांनी कॅम्बरचे १,२०० रुपये आणि त्यावरचा २१६ रुपये कर परत केला. दोन्ही प्रिंटवरचे कॅम्बरचे आकडे एकसारखेच असल्याने काही वाकवलेले नसावे, तरीही मिस्त्रीला स्ट्रट दाखवला. तो सरळ आहे, परंतु डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश चिरलेला निघाला. शनिवारी तो बदलून घेत आहे आणि त्यानंतर फक्त टो जुळवून घेईन.