अलास्कातला रेड सॅमन खरंच गळ धरतो का नुसता अडकतो?

पंचवटी_ते_सिएटल

मंडळी एक शंका आहे, इथे मासेमारीवाले बरेच जण दिसतात म्हणून विचारतोय. जुलैमध्ये आम्ही दोन-तीन फॅमिली मिळून अलास्काला गेलो होतो, त्यात एक दिवस कूपर लँडिंगजवळ रशियन रिव्हर केनाईला मिळते तिथे फिशिंग केलं. गर्दी म्हणजे काय सांगू, एकादशीला चंद्रभागेत उभी असतात तशी माणसं खांद्याला खांदा लावून पाण्यात उभी, फक्त टाळांच्या जागी रॉड. सोबतच्या गाईडने शिकवलं की फ्लाय (पिसं बांधलेला गळ) जरा वरच्या अंगाला टाकायची, शिसं तळाला टकटक करत खाली येऊ द्यायचं आणि आपल्या समोरून पुढे सरकली की रॉड आडवा खेचायचा. दर वेळी खेचायचा, काही जाणवो न जाणवो. लिमिटचे तीन रेड मिळाले, मुलं खूष, मी पण खूष.

आता घरी येऊन वाचतोय तर सगळीकडे लिहिलंय की सॅमन अंडी घालायला नदीत शिरला की खाणं बंद करतो. मग माझी फ्लाय कशाला खाल्ली त्याने?? ऑफिसमधला एक जण म्हणतो तो चिडून चावतो, दुसरा नुसता हसला आणि म्हणाला चावतबिवत काही नाही, सगळे अडकवलेले असतात. बायकोचं म्हणणं चवीत फरक पडला का, नाही ना, मग गप्प बस. पण डोक्यातून जात नाहीये. आणि अडकवलेला असेल तर ते कायद्यात बसतं का, कारण पाठीला किंवा शेपटीला गळ लागलेला मासा तिथे सगळे लगेच सोडत होते.

तंगूस

तुमचा हसणारा मित्र बरोबर आहे, निदान त्या नदीतल्या रेडबद्दल तरी. मी अँकरेजला बरीच वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात त्या गर्दीत असतो, त्यामुळे कुणाचा अपमान करायला बोलत नाहीये.

काय होतं ते सांगतो. सॉकाय, म्हणजे ज्याला इथे सगळे रेड म्हणतात, तो वर चढताना काठाला धरून चढतो, जिथे पाण्याचा जोर कमी असतो तिथून. तोंड प्रवाहाकडे आणि कल्ल्यांवरून पाणी जायला तोंड सारखं उघड-मीट. तुमचा लीडर, म्हणजे दोरीचा शेवटचा तुकडा, फ्लायपासून शिशापर्यंत तळाशी ताणलेला आडवा वाहत येतो आणि तो त्या उघड्या तोंडातून जातो. माशाला कळत पण नाही. पुढे प्रवाह दोरी ओढतो, दोरी तोंडातून सरकत राहते आणि शेवटी फ्लाय येऊन जबड्याच्या पलीकडच्या बाजूला बाहेरून टेकते. त्याच वेळी तुम्ही रॉड खेचता. झालं, मासा लागला. याला फ्लॉसिंग म्हणतात, काही लोक लायनिंग म्हणतात.

ओळखायचं कसं, तर गळ बघायचा. माशाने स्वतः तोंडात घेतला असेल तर गळ आतून रुततो, जिभेला टाळूला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला. फ्लॉस झालेल्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बाहेरून आत गेलेला असतो. तुमच्याकडे फोटो असतील तर झूम करून बघा. आणि फोटो नसले तरी तुम्ही स्वतःच लिहिलंय ना की दर वेळी खेचायचा, काही जाणवो न जाणवो. मासा चावत असता तर चावल्यावर खेचायला सांगितलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर अलास्कात गोड्या पाण्यात तोंड सोडून दुसरीकडे गळ लागलेला मासा ताबडतोब सोडायचा, आणि मुद्दाम तसं अडकवणं बेकायदा. तोंडात लागला तर चालतं, मग तो तिथे कसा पोचला हे कोणी विचारत नाही. उलट समुद्रात, सेवर्डच्या खाडीत वगैरे, मोठा तीन काट्यांचा गळ टाकून सरळ सरळ स्नॅगिंग (अंगात कुठेही गळ अडकवणं) करतात आणि ते कायदेशीर आहे. रशियन रिव्हरला मात्र एकच काटा, काट्याचं टोक आणि दांडी यात ३/८ इंचाहून जास्त अंतर नको, आमिष नको, आणि शिसं फ्लायपासून किमान १८ इंच वर. छोट्या गळाने पाठीत पोटात लागायचं प्रमाण कमी होतं, फ्लॉसिंग काही थांबत नाही.

कल्ले_आणि_खवले

मत्स्यशास्त्र शिकलेय म्हणून थोडं आतलं सांगते. नदीत शिरल्यावर पॅसिफिक सॅमनचं जठर आणि आतडं आक्रसत जातं, शरीरातली चरबी आणि नंतर स्नायूसुद्धा प्रवासाला आणि गाबोळीला खर्ची पडतात, अंडी घातल्यावर मासा मरतो. त्यामुळे "भूक लागली म्हणून खाल्ली" हे बाद. साफ करताना बघितलं असेल तर पोटात काही सापडलं नसणार.

सॉकायचं अजून एक आहे, तो समुद्रात सुद्धा मुख्यतः बारीक जीव गाळून खाणारा मासा आहे. कल्ल्यांच्या आतल्या बाजूला दाट लांब काटे असतात त्यात क्रिल वगैरे अडकतं, त्याच्यामुळेच मांस इतकं लाल. लहान माशांचा पाठलाग करून त्यांच्यावर झडप घालणं हा मुळात त्याचा मुख्य धंदा नाही, मग नदीत कशाला घालेल.

पण म्हणून "सॅमन चावतच नाही" असं सरसकट म्हणू नका प्लीज. किंग आणि कोहो या सॅमनच्याच जाती, पण हे शिकारी मासे, आयुष्यभर हेरिंगसारखे मासे धरून खाल्लेले. पोट बंद झालं तरी समोरून काही चमकत गेलं की तोंड मारायची सवय जात नाही. शिवाय नर एकमेकांवर आणि जवळ येणाऱ्या कशावरही धावून जातात, मादी अंड्यांच्या खड्ड्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. चिडून चावतो म्हणणारा तुमचा मित्र या माशांबद्दल ऐकून बोलत असेल. स्टीलहेड (समुद्रात जाणारा ट्राउट) तर अजून वेगळा, तो अंडी घालून समुद्रात परत जाऊ शकतो, वाटेत थोडंफार खातो पण.

आणि एक, जुलैत तुम्ही पकडलेले चंदेरी असतील तर ते स्पॉनिंग करत नव्हते, म्हणजे अंडी घालत नव्हते, नुसते चढत होते. स्पॉनिंगला आलेला अंगाने लालभडक आणि डोक्याने हिरवा होतो, नराचा जबडा वाकडा, आणि तोवर मांसात काही राम राहत नाही.

व्हँकुवरचा_खवय्या

तंगूसशी अर्धा सहमत. सॉकाय चावत नाही हे खरं नाही, *तिथे* चावत नाही. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये २००६ पर्यंत सॉकायचा सीझन उघडायचा, तिथे लोक बोटीने अगदी हळू जात चमकत्या पत्र्यामागे नुसता रंगवलेला गळ लावायचे, ना पीस ना आमिष, आणि मासे तोंडात घ्यायचे. तो मासा पण समुद्रातून येऊन बॅलर्डच्या लॉक्समधून तळ्यात शिरलेला, अंडी घालायलाच निघालेला. पण तळ्यात वाहत्या पाण्याने तोंडातून दोरी ओढली जात नाही, तिथे त्याने स्वतः धरल्याशिवाय लागायचा नाही. का धरतो, मला माहीत नाही, धरतो एवढं खरं.

किंगचा पुरावा हवा तर फ्रेझर नदीवर बार फिशिंग बघायला या. जड शिसं तळाला ठेवतात, त्याच्यावर प्रवाहात गरगर फिरणारं पंखांचं आमिष, रॉड स्टँडला लावून त्याला घंटी, आणि माणूस खुर्चीत बसून चहा पितोय. कोणी खेचत नाही काही नाही. घंटी वाजली म्हणजे किंगने येऊन धरलंय, यात फ्लॉसिंगचा प्रश्नच येत नाही.

मला राग वेगळ्याचा आहे. त्याच फ्रेझरवर दुसरे लोक लांबलचक लीडर लावून बॉटम बाउन्सिंग करतात, म्हणजे शिसं तळावर टेकवत दोरी वाहू देतात. २०१० साली सुमारे ३ कोटी सॉकाय आले होते तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, सगळ्यांनी फ्रीजर भरले. पण सॉकाय बंद असताना "मी किंगसाठी टाकलाय" म्हणून तेच चालू ठेवायचं, हे काय? आमिष दाखवून पकडलं तर निदान जो चावतो तोच येतो. दोरी फिरवून पकडलं तर जो वाटेत असेल तो येतो, त्यात थॉम्पसन या उपनदीकडे जाणारा स्टीलहेड पण येतो आणि ते इतके कमी उरलेत की एकेक मोजायची वेळ आलीय. सोडून दिला म्हणून काय झालं, दमवून सोडला ना. केनाईत बऱ्याच वर्षी नुसते उशिराच्या रनचे (उशिरा चढणाऱ्या तुकडीचे) दहा लाखांवर सॉकाय चढतात, तिथे हा त्रास एवढा नाही, म्हणून तिथल्या लोकांना हे सोपं वाटतं.

वलगण_स्पेशल

मी रायगडवाला, सॅमन फक्त पाकिटातला खाल्लाय, तरी मधे तोंड घालतो 😄 आमच्याकडे जूनला पहिला दणक्याचा पाऊस झाला की मासे नदीतून ओढ्याने शेतात चढतात, गाबोळीने भरलेले. गरी घेऊन कोणी जात नाही तेव्हा. एरवी गांडूळ लावून गरवतो पण चढणीला जाळं, नाहीतर बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा, नाहीतर सरळ हाताने. आजा म्हणायचा चढणीचा मासा खायला नाही निघालेला, त्याला आमिष दाखवून काय उपयोग. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी इंग्लिशमध्ये वाचून जे काढलंत ते आमच्या आज्याला माहिती होतं.

बाकी एक बोचतं ते बोलून टाकतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी, कारण माशांची वीण. आणि त्याच दिवसात ओढ्यात अंड्यांवरचा मासा टोपलीने काढायचा आणि व्हिडिओ टाकायचे. पूर्वी एका घरापुरतं होतं. आता मुंबईवरून गाड्या येतात.

कल्ले_आणि_खवले

वलगण, आजोबांचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर. पण आपले चढणीचे मासे अंडी घालून मरत नाहीत, परत नदीत उतरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढतात. त्यामुळे आपल्याकडे चढताना काढलेल्या मादीबरोबर पुढच्या सगळ्या वर्षांची वीण पण गेली.

पंचवटी_ते_सिएटल

सगळ्यांचे आभार! फोटो झूम करून बघितले. दोघांच्या जबड्याच्या कोपऱ्यात बाहेरून आहे, अगदी तंगूस म्हणाले तसं, तिसऱ्याचं तोंड मुलाच्या हातामागे आहे त्यामुळे तो चावला असं मी धरून चालणार 😄 पोटं साफ केली तेव्हा खरंच रिकामी होती. आता अजून एक विचारतो, हे माहीत असून परत तिथे जाणं चुकीचं आहे का? आणि चावणारा सॅमन पकडायचा असेल तर कुठला बघू?

तंगूस

चुकीचं कशाला, बिनधास्त जा. तिथे मासे वर किती चढले ते रशियन लेकच्या खाली बांध घालून मोजतात, आकडा कमी दिसला की नदी बंद करतात, जास्त दिसला तर लिमिट वाढवतात. रेड खाण्यासाठी पकडायचा, तीन झाले की गुंडाळायचं. मला खटकतं ते एवढंच की फोटो टाकून "काय जबरदस्त स्ट्राइक होता" लिहितात. आणि लिमिट झाल्यावर "आता कॅच अँड रिलीज" म्हणून तासभर अजून खेचत बसतात ते तर अजिबातच नको, न चावणाऱ्या माशाला अडकवून सोडायचं म्हणजे काय मजा.

चावणारा हवा तर कोहोच्या मागे लागा, सिएटलला घराजवळच मिळेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्यांमध्ये शिरतो, स्पिनर (गरगर फिरणारा चमकता पत्रा लावलेला गळ) फिरवत आणलात की मागून येऊन असा हाणतो की रॉड हातातून जायची भीती. विषम वर्षी ऑगस्टमध्ये पिंक सॅमन पण येतात, छोटा गुलाबी जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) टाका, मुलांना जमेल. नियम दर सीझनला आणि दर नदीला बदलतात, निघायच्या आदल्या रात्री फिश अँड वाइल्डलाइफच्या साइटवर बघूनच निघा. आणि लांब चिमटा घ्या बरोबर, कोहोचा गळ पार आत गेलेला असतो, बोटांनी काढायला जाऊ नका, दात असतात त्याला.