मदत हवी आहे: ‘काइंड ऑफ ब्लू’ची एकच बाजू चढी का वाजते? शिवाय ७८च्या तबकड्यांचे प्रश्न

पेटीवाली

नमस्कार मंडळी,

आईच्या मामांनी त्यांचा जॅझचा सगळा संग्रह माझ्या हवाली केला आहे. मामाआजोबा बोटीवर इंजिनिअर होते, त्यामुळे एलपी बऱ्याचशा बाहेरून आणलेल्या आहेत आणि ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या) जुन्या तबकड्या इथल्याच, मुंबई-कलकत्त्याच्या. माझ्याकडे बेल्टवर चालणारं, ३३-४५-७८ तिन्ही वेगांचं टर्नटेबल आहे. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे.

पहिला प्रश्न जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीचा. मी पेटी शिकते, म्हणून ‘सो व्हॉट’बरोबर वाजवून बघत होते. पांढरी दोन सा धरला की सगळे काफीचे सूर मिळतात, मधले आठ बार (बत्तीस मात्रा) अर्ध्या सुराने वर काळी दोनवर जातात आणि परत खाली येतात. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगशी हे तंतोतंत जुळतं. एलपीवर मात्र सगळंच किंचित चढं. काळी दोनपर्यंत नाही, पण पेटीशी झगडा होण्याइतकं नक्की. मला वाटलं टर्नटेबल जोरात फिरतंय. पण बाजू उलटली तर ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला चपखल बसलं! एकाच तबकडीच्या दोन बाजूंचा वेग वेगळा कसा असेल?

आणखी एक गंमत. दुसऱ्या बाजूच्या लेबलवर आधी ‘फ्लमेंको स्केचेस’ छापलंय, वाजतं मात्र आधी ‘ऑल ब्लूज’. लेबल लाल आहे, कडेला काळ्या डोळ्यांसारख्या सहा खुणा, नंबर सीएस ८१६३.

७८च्या तबकड्यांत टेडी वेदरफर्ड, चिक चॉकलेट आणि थोडा ड्यूक एलिंग्टन आहे. काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू का? आजोबांचा चावीचा ग्रामोफोनही चालू स्थितीत आहे, सुयांच्या डबीसकट. त्यावर वाजवाव्यात की टर्नटेबलवर? आणि एलपीवरही कोलंबिया, ७८वरही कोलंबिया, ही कंपनी एकच का?

---

आडवा सूर

पेटीवाली, टर्नटेबलला दोष देऊ नका, तुमचे कान बरोबर आहेत. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना (‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’, ‘ब्लू इन ग्रीन’) २ मार्च १९५९ च्या सत्रातल्या. न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं योग्य वेगाने वाजवलं की सूर चढणारच. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तोवर मशीन ताळ्यावर आलेलं होतं. ही एलपी तीसेक वर्षं अशीच चढी विकली गेली. त्या दिवशी दुसऱ्या मशीनवर राखीव म्हणून घेतलेली टेप बरोबर वेगाची होती, ती वापरून १९९२ च्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. मोबाइलवर तुम्ही ऐकता ते हे दुरुस्त केलेलं.

म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत ज्या वादकांनी ही तबकडी ऐकून ‘सो व्हॉट’ उचललं, त्यांना पियानोशी जुळवताना तुमच्यासारखाच त्रास झाला असणार.

लेबलवरचा उलटा क्रम ही अगदी सुरुवातीच्या प्रतींची खूण आहे. सहा डोळ्यांचं लेबलही त्याच काळातलं. सीएस ८१६३ हा स्टिरिओचा नंबर, मोनोचा सीएल १३५५. प्रत जपा, आणि कोणी ‘घरी पडूनच आहे ना’ म्हणत मागायला आलं तर देऊ नका.

वेगाची खात्री करायचीच असेल तर स्ट्रोबची चकती (रेघांच्या वर्तुळांची, वेग बरोबर असला की फिरताना रेघा स्थिर दिसतात) छापून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ लागतं आणि ७८ साठी ७७ रेघांचं. बघायचं चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा दिसतच नाहीत.

---

भोंगेवाला

मी तर म्हणेन चावी द्या आणि लावा! चिक चॉकलेटचा ट्रंपेट भोंग्यातून जसा अंगावर येतो तसा कुठल्याच स्पीकरमधून येत नाही. त्या तबकड्या त्या यंत्रासाठीच बनल्या होत्या. अट एकच, प्रत्येक बाजूला नवी सुई.

---

तबकडीबाज

भोंगेवाले, तुमचा उत्साह समजतो, पण त्या साउंडबॉक्सचा (सुई बसते त्या गोल डबीचा) भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मुद्दाम घातलेली असायची, कारण पोलादी सुई खाचेत घासून खाचेच्या आकाराची व्हावी. सुई झिजते तशी खाचही झिजते, सर्वांत आधी जातात वरचे सूर. हिंदी गाण्याची एखादी तबकडी दुसरीकडे मिळेल. वेदरफर्डने कलकत्त्यात केलेली रेकॉर्डिंग कुठून आणणार? तो शिकागोत नाव कमावलेला पियानिस्ट, मुंबईत ताजमध्ये वाजवायचा, पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. ग्रामोफोनवर फुटकळ तबकड्या लावा, या नकोत.

ताई, टर्नटेबलच वापरा, पण आहे त्या सुईने नको. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत पार तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचरा वाजवते. ७८ला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गोल टोकाची सुई लागते. तुमचं नशीब चांगलं, व्हीएम९५ मालिकेत नुसती सुई बदलता येते. ‘एसपी’ नावाची येते ती ७८ची. आताची हिरवी सुई काढायची, ही ढकलायची, झालं. मात्र तिला पाच ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, म्हणून आर्म पुन्हा तोलायचा. एलपीवर परत येताना वजन कमी करायला विसरू नका.

अल्कोहोल अजिबात नको. ते लाख विरघळवतं, चकाकी जाते आणि मग खरखर कायमची. एलपीला पातळ केलेलं चालतं, ७८ला नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून लगेच मऊ कापडाने टिपायचं. भिजत ठेवायचं नाही. जुनी कागदी पाकिटं बुरशीचं घर असतात, ती बदला. पाकिटांवर काही लिहिलेलं असेल तर फोटो काढून ठेवा. तबकड्या उभ्या ठेवा, आणि पावसाळ्यात बंद लोखंडी कपाटात मुळीच नको.

कोलंबिया दोन. १९३१ नंतर आपल्याकडची कोलंबिया एचएमव्हीच्याच घरातली, ईएमआयची. या दोन्ही लेबलांच्या तबकड्या दमदमच्या कारखान्यात निघायच्या. माइल्सची अमेरिकन कोलंबिया वेगळी कंपनी. अमेरिकेबाहेर बहुतेक देशांत तिला ते नाव वापरता येत नसे, म्हणून तिच्या रेकॉर्डी तिथे आधी फिलिप्स-फोंटाना आणि मग सीबीएस या नावांनी यायच्या. तुमच्या प्रतीवर कोलंबिया आहे म्हणजे ती अमेरिकेतच विकत घेतलेली असण्याची शक्यता जास्त.

---

पेटीवाली

सगळ्यांचे खूप आभार! स्ट्रोब लावून पाहिला, रेघा स्थिर. सुई मागवली आहे. आता ही ७८ची रेकॉर्डिंग संगणकावर घ्यायची आहेत. फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा) साधाच आहे, चालेल? आणि चिक चॉकलेट म्हणजे ‘अलबेला’वालेच ना? आजोबा म्हणतात तेच.

---

आडवा सूर

तेच. गोव्यातल्या आल्दोनाचे आंतोनियो शावियेर वाझ. ‘अलबेला’त (१९५१) बँडसकट पडद्यावर दिसतात, सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात त्यांचा हात मोठा होता.

प्रीअँप चालेल, पण त्यातली आरआयएए दुरुस्ती (तबकडी कापताना दाबलेला खर्ज आणि चढवलेला ट्रेबल पूर्ववत करणारी) १९५४ पासून रूढ झालेली. त्याआधीच्या ७८ तिच्यातून दबक्या ऐकू येतात, विशेषतः झांजा आणि ट्रंपेटची धार. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) ट्रेबल थोडा चढवून बघा. त्याआधी दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. ७८ची खाच फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीतून येणारी खरखर मोनो केल्यावर बरीचशी आपोआप कटते. क्लिक काढणारं फिल्टर मात्र बेतानेच. ट्रंपेटची फुंक सुरू होते तो क्षण त्याला क्लिकच वाटतो आणि तोच कापला जातो. मूळ फाइल न छेडता वेगळी ठेवा.

---

तबकडीबाज

सुई येईपर्यंत एक काम करा. प्रत्येक तबकडीचा लेबलवरचा नंबर आणि लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला नंबर, दोन्ही लिहून इथे टाका. रेकॉर्डिंग कधीचं ते शोधायला दुसरा जास्त उपयोगी पडतो. वेदरफर्डपासून सुरुवात करा.