कॉफीच्या दुकानात टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) ठेवावं का? ग्राइंडर लावला की गुरगुर येते

बजाजनगरचा कॉफीवाला:
मंडळी, प्रश्न जरा लांबट आहे, वेळ असेल तरच वाचा. नागपूरच्या बजाजनगरात माझं छोटं कॉफीचं दुकान आहे, अडीचशे फूट, सहा स्टुलं, मी आणि हाताखाली एक पोरगा, मागच्या खोलीत दाणे भाजायचा एक किलोचा रोस्टर. बाबांच्या दीडशेक एलपी घरी पडून होत्या, नाट्यसंगीत, वसंतराव देशपांडे, जुन्या हिंदी पिक्चरच्या, आणि मी कॉलेजपासून हळूहळू जमवलेला सेट, बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, एक जुना ॲम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर. दुकान सकाळी आठ ते रात्री दहा, घरी जाईस्तोवर सगळे झोपलेले, म्हणजे दोन वर्षं एक साईड धड ऐकून झाली नाही. म्हणून दिवाळीत सगळा लवाजमा उचलून दुकानात आणला आणि तिथून डोकेदुखी सुरू.

ग्राइंडर लावला की स्पीकरमधून गुरगुर येते, दोनदा तर सुई उडाली. ग्राइंडर बंद असला तरी मागे बारीक हम्म सुरूच. आणि परवा हद्द झाली. मागे रोस्टिंग सुरू होतं, पहिला क्रॅक (भाजताना दाणे पहिल्यांदा तडकतात तो आवाज) मी ड्रमजवळ उभा राहून कानानेच पकडतो, आणि बाहेर पोराने बाबांची एक घासून घासून गेलेली रेकॉर्ड लावली, तिची चटचट आणि दाण्यांची चटचट यात माझी गफलत झाली, वाटलं क्रॅक होऊन गेला, बॅच दीड मिनिट आधीच काढली. किलोभर माल कच्चा, चव गवताची. पोरगं हसून राहिलं होतं.

बायको म्हणते घरी आण, गिऱ्हाईक म्हणतात राहू द्या, दोनचार जण तर त्याच्यासाठीच येतात. काय करू?

सदरचा काका:
एक सांग आधी. टर्नटेबल ग्राइंडरच्याच ओट्यावर आहे का?

बजाजनगरचा कॉफीवाला:
हो काका, एकच सलग कडप्पा आहे, आठ फुटी. जड आहे म्हणून मुद्दाम त्यावर ठेवलं.

सदरचा काका:
मग झालं तर. दगड जड असते म्हणून हलत नाही असं वाटते, पण सलग दगडातून मोटरचा थरथराट सरळ सुईपर्यंत जाते. मोटर मिनिटाला १४०० च्या आसपास फिरत असेल तर सेकंदाला २३-२४ हिसके. आणि रेकॉर्डवर खाच कापतानाच बास (खालचा, जाड आवाज) कमी करून कापतात, तो वाजवताना फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा, परत वाढवते, २० हर्ट्झपाशी (सेकंदाला २० हिसके) जवळपास २० डेसिबल म्हणजे दहापट. त्याला काय कळते गाणं कोणतं आणि ग्राइंडर कोणता, तो दोन्ही वाढवते. विटेच्या भिंतीत ब्रॅकेट ठोक (प्लायच्या पार्टिशनवर नको बाबा), वर कडप्प्याचा वेगळा तुकडा, खाली चार रबरी बॉल अर्धे कापून. स्पीकर त्या शेल्फवर ठेवायचे नाहीत, सुईला स्पीकरचाही धक्का बसते.

हम्मचं दुखणं वेगळं. टोनआर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, बोट लावलं की तो कमीजास्त होते का बघ. होत असेल तर टर्नटेबलच्या मागची बारीक अर्थिंगची वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला लागलेली नाही. कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) देते जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, त्यात थोडंही काही शिरलं तरी ऐकू येते. तरी राहिला तर ॲम्प, प्रीॲम्प, टर्नटेबल सगळं एकाच बोर्डावर घे, कॉफी मशीनच्या लाइनपासून लांब.

तर्री_सकाळी_सकाळी:
काकाचं सगळं बरोबर हाय पण मी म्हंतो दुकानात ठेवाच कायले? धरमपेठेत माझं पण कॉफी-सँडविचचं होतं, मी हा शौक करून बसलो भाऊ. सहा महिन्यांत सुईवर तपकिरी गोळा. दळलेल्या कॉफीची भुकटी हवेत उडत राहते, तिच्यात तेल असते, वरून दुधाची वाफ, मंग ते नुसत्या ब्रशनं निघत नाही. तुह्याकडे तं रोस्टर पण हाय, म्हणजे धूर आणि टरफलं वेगळी.

आणि मे महिना इसरला काय बे? पारा ४५ च्या वर, दुपारी शटर पाडलं की आत भट्टी. व्हिनाइल साठ-सत्तर डिग्रीले मऊ पडते, खोली तेवढी तापत नाही हे मलेही मालूम हाय पण काचेतून ऊन सरळ पडलं की काळी रेकॉर्ड तापते, माही एक पापडासारखी वाकली. कूलर लावला तं कव्हरं दमट होऊन बुरशी. तुहे दाणे निदान डब्यात बंद राहतात. घरी ने, हेडफोन घे, रात्री अकराले एक साईड, वीस-बावीस मिनिटं. तेवढं तं जमते.

लक्ष्मीनगरची वकीलबाई:
कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. रेकॉर्ड बाबांच्या मालकीची असली तरी दुकानात गिऱ्हाइकांपुढे वाजवणं वेगळं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याला लायसन्स लागतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, तेव्हा १९६० च्या आगेमागे निघालेल्या रेकॉर्ड त्यातून सुटल्या, पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आणि 'आपल्याकडे कोण विचारते' हे मला कृपया सांगू नका.

फुटाळ्यावरून:
विषय सोडून विचारतो, चिखलदऱ्याची कॉफी भाजून पाहिली का कधी? आपल्या विदर्भात कॉफी होते आणि आपण सगळे चिकमगळूर चिकमगळूर करत बसतो.

बजाजनगरचा कॉफीवाला:
नाही पाहिली, कच्चे दाणे मिळाले तर नक्की भाजतो.

काका, ती वायर खरंच मागे लोंबत होती, पोराने पुसताना काढली असावी. लावली आणि हम्म जवळजवळ गेलाच. शेल्फचं रविवारी बघतो. वकीलबाई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, चौकशी होईस्तोवर दुकान उघडं असताना रेकॉर्ड बंद. सोमवारी दुकान बंद असते, आता रोस्टिंग त्याच दिवशी करून राहिलो, शटर अर्धं पाडून, एकटाच. बारा मिनिटांची बॅच आणि वरून थंड करणं, एका साईडमध्ये आरामात बसते, फक्त क्रॅकची वेळ आली की जाऊन सुई उचलतो. मार्च संपला की सगळं घरी, तर्रीभाऊचं पटलं, हेडफोनही बघून ठेवलाय. बायकोला अजून किंमत सांगितली नाही.

सदरचा काका:
छान. आणि त्या कच्च्या किलोभर मालाचं काय केलं?

बजाजनगरचा कॉफीवाला:
परत भाजून पाहिला काका. आणखी वाईट झाला.