उष्णता कॅलरीत, काम लिटर-ॲटमॉस्फियरमध्ये, उत्तर जूलमध्ये... वजाबाकी कशी करायची?

निपाणीकर_पीयूसी
नमस्कार, मी फर्स्ट पीयूसी (म्हणजे अकरावी) सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आता सगळं इंग्लिशमधनं चाललंय. थर्मोडायनॅमिक्समधलं एक गणित आहे, गॅसला २०० कॅलरी उष्णता दिली आणि तो बाहेरच्या १ ॲटमॉस्फियर दाबाविरुद्ध १ लिटरवरनं ५ लिटर झाला, तर डेल्टा यू, म्हणजे गॅसच्या आतल्या ऊर्जेतला बदल, किती जूल? काम येतंय ४ लिटर-ॲटमॉस्फियर. आता हे २०० आणि ४ एकमेकांतनं वजा कसे करायचे? आणि सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो, तर ही सगळी युनिटं पाठ करायची काय?

केमिस्ट्रीवाले_सर_बेळगाव
पाठ कशाला करतोस, तुझ्याकडं ती आधीच आहेत की. गॅसच्या गणितांत आरच्या, म्हणजे गॅस कॉन्स्टंटच्या, तीन किमती वापरतोस ना, ८.३१४ जूल, ०.०८२१ लिटर-ॲटमॉस्फियर आणि १.९८७ कॅलरी, तिन्ही पर मोल पर केल्विन. आर एकच आहे, फक्त मापं वेगळी. म्हणजे ८.३१४ ला ०.०८२१ ने भाग दे, १ लिटर-ॲटमॉस्फियरचे १०१.३ जूल आले, आणि १.९८७ ने भाग दे, १ कॅलरीचे ४.१८४ जूल आले.

आता तुझं गणित. २०० × ४.१८४ = ८३६.८ जूल आत आले. ४ × १०१.३ = ४०५.२ जूल गॅसनं बाहेर काम करण्यात घालवले म्हणून ते वजा. डेल्टा यू = ४३१.६ जूल. सीईटीला पर्याय लांब लांबचे असतील तर ४.२ आणि १०० धरून ८४० − ४०० = ४४०, जवळचा पर्याय दिसतोच. पण प्रत्येक आकड्यापुढं युनिट लिहायचं म्हणजे लिहायचंच, नुसते आकडे मांडणारी हुशार पोरं इथंच मार्क घालवतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

खानापूरची_ताई
सरांचं बरोबर आहे, त्यात अजून एक जागा सांगते, डेल्टा जीच्या गणितात (क्रिया आपोआप होईल का ते सांगणारा आकडा, उणे आला तर होते; डेल्टा जी = डेल्टा एच − टेंपरेचर × डेल्टा एस) एन्थाल्पी म्हणजे डेल्टा एच किलोजूलमध्ये देतात आणि एन्ट्रॉपी म्हणजे डेल्टा एस जूलमध्ये, आणि ते मुद्दाम असतं. बर्फ वितळायचं घे, डेल्टा एच ६.०१ किलोजूल पर मोल, डेल्टा एस २२ जूल पर मोल केल्विन, टेंपरेचर २७३ केल्विन (शून्य डिग्री). २७३ × २२ = ६००६, हे जूल आहेत, १००० ने भागून ६.०१ किलोजूल, म्हणून डेल्टा जी जवळजवळ शून्य आणि ते तसंच पाहिजे कारण शून्य डिग्रीला बर्फ आणि पाणी समतोलात असतात. भागायचं राहिलं तर उत्तर उणे ६०००च्या आसपास, म्हणजे बर्फ धडाधड वितळणार असा अर्थ.

शहापूरकर
घरातलं पण बघा की. खाण्याच्या बाबतीत आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी. कुंद्यातली (आपली बेळगावची मिठाई) १ ग्रॅम साखर धरली तर साधारण ४ किलोकॅलरी, म्हणजे १६-१७ किलोजूल. आणि हेस्कॉमच्या लाइट बिलातलं १ युनिट म्हणजे ३६०० किलोजूल. २० लिटर पाण्याची बादली २५ वरनं ४५ डिग्रीला न्यायला, १ ग्रॅम पाण्याला डिग्रीमागं १ कॅलरी धरून, २०,००० × २० = ४ लाख कॅलरी, ती १६७४ किलोजूल, म्हणजे अर्ध्या युनिटला जरा कमी, गिझरमधनं वाया जाणारी उष्णता वेगळी.

निपाणीकर_पीयूसी
सर आलं, थँक्यू! ताई तुम्हाला पण. आता एकच, दाब ॲटमॉस्फियरऐवजी बारमध्ये दिला तर?

केमिस्ट्रीवाले_सर_बेळगाव
तेव्हा आर ०.०८३१४ लिटर-बार. ८.३१४ ला त्यानं भाग दे, सरळ १०० जूल. तुझ्या गणितात १ बार दिला असता तर काम ४०० जूल आणि डेल्टा यू ४३६.८. अणूच्या गणितांत इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचं अगदी छोटं युनिट येतं, तिथं १ इलेक्ट्रॉन व्होल्ट पर अणू म्हणजे ९६.५ किलोजूल पर मोल, हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढायला लागणारे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन गुणून बघ, १३१२ किलोजूल पर मोलच्या आसपास यायला पाहिजे.