ध्यानाने वागणं सुधारतं का?

तत्त्वज्ञानात एमए करतेय. नीतिशास्त्र आवडतं, पण जीव अडकलाय ट्रान्सपर्सनल मानसशास्त्रात, म्हणजे ‘मी’पलीकडच्या अनुभवांचा अभ्यास करणाऱ्या शाखेत. मानसशास्त्रज्ञ मॅस्लोने अखेरच्या काळात आत्मसिद्धीच्याही (स्वतःच्या क्षमता पुरेपूर फुलवण्याच्याही) पुढे ‘मी’च्या पलीकडे जाणं ठेवलं. पण आमचे एक काका पहाटे ध्यानाला बसतात आणि उठल्या उठल्या भांडीवाल्या मावशींवर खेकसतात! मग ‘मी’ गेला कुठे? यावर प्रबंध होईल का?

» नक्की होईल. मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड वाच. न सुटलेली मानसिक दुखणी अध्यात्माखाली झाकण्याला त्याने १९८०च्या दशकात ‘स्पिरिच्युअल बायपासिंग’ म्हटलं. तुझे काका तिथे सापडतील.

» ताई, तत्त्वज्ञ कांट सोडू नका. त्याच्या लेखी कृतीचं नैतिक मोल हेतूत असतं, अनुभूतीत नाही. ध्यानाची अनुभूती आणि नीती यांची खरी झटापट इथेच आहे.

» दोघांचे आभार. वेलवुडपासूनच सुरुवात करते. मावशींची बाजूही प्रबंधात यायलाच हवी.