'चार बेचा नॅस घ्या अन् विसरून जा' म्हणणाऱ्यांना

दवाबाजारवाला:
परवा एकानं लिहिलं, "लहान धंद्याला चार बेचा नॅस घ्या, ४ टीबीच्या चार डिस्क टाका, रेड-५ लावा आणि दहा वर्षं विसरून जा." नॅस म्हणजे साऱ्या ऑफिसनं नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा, बे म्हणजे त्यातला डिस्कचा खण. रेड-५ म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा परत काढता यावा म्हणून डेटा आणि त्याचा ताळा (पॅरिटी) सगळ्या डिस्कवर वाटून ठेवणं. खाली लाइकच्या अंगठ्यांची ही रांग. ते 'विसरून जा' वाचलं आणि राहवलं नाही.

गंजीपेठेत माझं औषधांचं होलसेल आहे. १४ कॉम्प्युटर, सात वर्षांचा बिलिंगचा डेटाबेस मिळून ३८ जीबी. जीबी, टीबी नाही. उरलेल्या जागेत संत्री ठेवू का? संध्याकाळी काउंटरवर गर्दी झाली की गाडी अडते ती जागेवाचून नाही. दहा जण एकदम बिल काढतात आणि डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत सुटतं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास फुटकळ वाचनं करते, साधी साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर लिहिणारी डिस्क) हजारांनी. त्यात रेड-५. प्रत्येक बारीक लिखाणाला आधी जुना डेटा वाचा, पॅरिटी वाचा, मग दोन्ही परत लिहा. बिलिंगला जे सगळ्यात वाईट, तेच गळ्यात मारून राहिले लोक.

माझं म्हणणं सोपं आहे. दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), लाइन गेली तर हातातलं लिखाण पूर्ण करणारे कॅपॅसिटर असलेल्या. बरा यूपीएस. वाचलेल्या पैशात बॅकअपच्या दोन डिस्क, त्यातली एक घरी.

धरमपेठी_नॅस:
ती पोस्ट माझी. तुमचा डेटा ३८ जीबी म्हणून साऱ्या नागपूरचा ३८ जीबी का? माझी गिऱ्हाइकं आर्किटेक्ट, एक्स-रेवाले, लग्नाचे व्हिडिओ काढणारे. त्यांना जागाच पाहिजे. आणि एसएसडी मरते तेव्हा सांगत नाही. डिस्क निदान करकर तरी करते.

इतवारीचा_भाऊ:
'चार बे' काय लिहिता, नागपुरात दर वाक्याला एक 'बे' असतेच बे.

जुनासर्व्हर:
डिस्कचा विषय निघालाच आहे तर एसएमआरबद्दल कोणी काहून बोलत नाही? कौलांसारखे एकावर एक चढवलेले ट्रॅक, जागा जास्त पण परत लिहायला संथ. दुकानदारानं "नॅसचीच आहे सर" म्हणून दिली. एक डिस्क गेली, नवी टाकली, रिबिल्ड (तिच्यावर डेटा परत उभा करणं) सहा दिवस चाललं. सहा दिवस मी देव पाण्यात ठेवून बसलो, कारण रेड-५ मध्ये तेवढ्यात दुसरी गेली की संपलं सगळं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (रेड-५ नव्हे, लाल रंगाच्या नावाची नॅसची मालिका) मधल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, मग कुठं सीएमआरवाल्यांना (ट्रॅक एकावर एक न चढवलेल्या) 'रेड प्लस' नाव मिळालं. डब्याचा रंग पाहून घेऊ नका, मॉडेल नंबर पाहा.

लेखा_परीक्षक_हिंगणा:
प्रायव्हेट लिमिटेड असाल तर एक आठवण. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी 'ठरावीक काळानं' असं होतं. दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घेतो म्हणणाऱ्यांनी कान टवकारा.

मे_महिना:
डिस्क कोणतीही घ्या, ४६ डिग्रीत लोखंडी कपाटात कोंबली तर तिची भाकरीच होणार. आम्ही सर्व्हरच्या खोलीत कूलर लावला. एसीचं बिल कोण भरते?

जुनासर्व्हर:
कूलर?! अरे बाप्पा. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी गाळून सर्व्हरवर मारता?

मे_महिना:
पाच उन्हाळे झाले, काही झालं नाही. डिस्कच्या कागदावर ९५ टक्के आर्द्रता चालते असं लिहिलेलं असते. वाचत जा.

धरमपेठी_नॅस:
त्याच कागदावर दव धरू नये असंही लिहिलेलं असते. आमच्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर कूलरसमोर होता. दोन पावसाळ्यांनी उघडला तर कनेक्टरवर हिरवी बुरशी आल्यासारखा गंज.

दवाबाजारवाला:
धरमपेठींशी मी सहमत होईन असं वाटलं नव्हतं. २००७ मध्ये गूगलनं हजारो डिस्कचा अभ्यास छापला होता. तापमानाचा संबंध लोक समजतात तेवढा दिसला नाही, फार गरम आणि जुन्या डिस्क सोडून. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि रटगर्स विद्यापीठाच्या लोकांना बाहेरच्या हवेवर चालणाऱ्या डेटा सेंटरांत डिस्क बिघडण्यात आर्द्रतेचा वाटा सगळ्यात मोठा दिसला. म्हणजे गरमीला घाबरून ओलावा आणणं हा उलटा सौदा.

मे_महिना:
अमेरिकेतले अभ्यास अमेरिकेत ठेवा. मे महिन्यात आमच्या खोलीत या, दहा मिनिटं बसून दाखवा, मग बोला.

जुनासर्व्हर:
तुम्ही बसा ना कूलरसमोर, सर्व्हरला काहून बसवता? तुम्हाला घाम येते, त्याला नाही येत.

मे_महिना:
विकणारे लोक आहात, तुम्हाला एसीही विकायचा असेल.

धरमपेठी_नॅस:
मी एसी विकत नाही. एक्झॉस्ट लावा, कपाटाचं दार काढा, दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगा, हे फुकट सांगून राहिलो. असो. दवाबाजारवाले, बिलिंगच्या डेटाबेससाठी 'विसरून जा' मागे घेतो. रेड-५ मागे घेत नाही, व्हिडिओवाल्यांना तेच परवडते.

दवाबाजारवाला:
अर्धं घेतलं तेवढं पुष्कळ. उपकार झाले.

लेखा_परीक्षक_हिंगणा:
घरच्या डिस्कवरून कधी रिस्टोर करून पाहिलंय का? का नुसतंच मत?

दवाबाजारवाला:
म्हणजे काय. रविवारी करतो, फोटो टाकतो.

दवाबाजारवाला (सोमवारी):
केलं. डेटाबेस ४० मिनिटांत उभा राहिला, बिलं निघाली. फक्त शेवटचं बिल दिवाळीच्या आधीचं. त्यानंतर डिस्क घरून दुकानात आणायचं राहूनच गेलं. हसू नका.

धरमपेठी_नॅस:
विसरून गेले होते का जी?