पांढरेशुभ्र की पांढरेफटक?

भाची सहावीत आहे. 'माझी आजी' या निबंधात तिने लिहिलं, 'आजीचे केस पांढरेफटक आहेत.' बाईंनी लाल शाईने 'फटक' खोडून 'शुभ्र' केलं. भाचीचं म्हणणं, दोन्हींचा अर्थ 'खूप पांढरे' असाच ना, मग चूक काय? मला फरक जाणवतो, पण समजावता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

— — —

ताई, बाईही बरोबर आणि भाचीही.

'शुभ्र' हा मुळातच पांढरा, म्हणजे पांढराशुभ्र हा पांढऱ्यावर पांढरा. पिवळाजर्दही तसाच, कारण फारसीत जर्द म्हणजे पिवळाच. थंडगारही त्यातलाच. 'फटक'ची जात मात्र वेगळी. त्यात रंग उडून गेल्याची खूण आहे. घाबरल्यावर, अंगात रक्त कमी असल्यावर चेहरा पांढराफटक पडतो. मोगरा पांढराफटक नसतो, परीटघडीचं धोतरही नसतं. केस काळ्याचे पांढरे होतात, म्हणून 'डोकं पांढरंफटक झालं की रे तुझं' असं आपण सर्रास म्हणतो. पण त्यात वय झाल्याची चुटपुट असते. मायेने लिहिलेल्या निबंधात बाईंना ती खटकली असणार.

हे शेपूट नुसतं 'खूप' म्हणत नाही, पुढचं नाम कोणतं चालेल तेही ठरवतं. काळेभोर डोळे, काळीभोर जमीन. पण अंधार काळाकुट्ट. काळाकुळकुळीत म्हटलं की तकाकी आली, नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखी. कुणी प्रेमपत्रात 'तुझे काळेकुट्ट डोळे' लिहून पाहावं! लालचुटुक लहान वस्तूलाच शोभतं: ओठ, पोपटाची चोच. लालचुटुक ट्रक म्हटलं तर तो खेळण्यातला वाटेल. खऱ्या ट्रकला लालभडक. आणि रागावलेला चेहरा किंवा कापलेलं कलिंगड लालबुंद.

— — —

व्याकरणाची एक गंमत. काळाभोर, काळीभोर, काळंभोर यांत पहिला भाग बदलतो, 'भोर' जागचा हलत नाही. पण नवाकोरा, नवीकोरी, नवंकोरं यांत दोन्ही बदलतात, कारण 'कोरा' स्वतंत्रपणे वापरात असलेलं विशेषण आहे. 'भोर' एकटं वापरून बघा, लोक पुण्याजवळच्या गावाबद्दल बोलताय असं समजतील.

— — —

यात चवींची भर घाला की! तिखटजाळ, आंबटढाण, कडूजहर, गोडमिट्ट. हा 'मिट्ट' काळोखालाही लागतो. मिट्ट काळोख म्हणजे डोळे मिटल्यासारखा, असा माझा अंदाज. पण मग गोडाला तो कसा चिकटला? किर्र अंधाराचं कोडं सोपं आहे, त्यात रातकिडे ऐकू येतात.

— — —

मला थोडं वेगळं म्हणायचंय. या जोड्या सुरेख आहेत, पण निबंधांनी त्यांचा भुगा केलाय. हिरवेगार डोंगर, निळेशार आकाश, पांढरेशुभ्र ढग... वाचणारा पुढे सरकतो, त्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा '-ईत'वाले शब्द अजून जिवंत आहेत, कारण त्यांत आवाज आणि स्पर्श भरलाय. करंजी खुसखुशीत, चकली कुरकुरीत, तव्यावरची फोडणी चुरचुरीत, गादीवाफ्याची माती भुसभुशीत, शेवाळलेली पायरी बुळबुळीत. यातल्या दोघांची अदलाबदल करून बघा. चकली भुसभुशीत म्हटली की करणारीचा हात बिघडला हे वेगळं सांगावं लागत नाही.

रंगाच्या बाबतीत तर साडीच्या दुकानातला माणूस आपल्या सगळ्यांपेक्षा बरा लेखक. तो 'गडद लाल' म्हणत नाही. डाळिंबी, विटकरी, आमसुली असे तीन लाल तुमच्यापुढे उलगडतो. मोरपंखी, चिंतामणी, अबोली, अंजिरी वेगळेच. (तपकिरी म्हणताना आता कुणाला तपकिरीची डबी आठवत नाही, तो शब्द जुना झाला.) 'हिरवा' लिहिण्याआधी पोपटी की शेवाळी एवढं जरी स्वतःला विचारलं तरी पानावर पाणी की ऊन ते ठरतं.

— — —

अहो, पण सगळ्याच नामांपुढे विशेषण कशाला? 'भाकरी' पुरेशी असते. आमच्याकडे मऊसूत म्हणायचं ते फक्त आईच्या भाकरीला. बाकीच्या नुसत्या भाकऱ्या. म्हणून तर तो शब्द ऐकला की भूक लागते.

— — —

सगळ्यांचे आभार. भाचीला हे वाचून दाखवलं. 'शुभ्र' आणि 'फटक' दोन्ही तिला पटले. मग म्हणाली, 'पण मावशी, आजीचे केस पांढरे कुठे आहेत? ती मेंदी लावते. मुळाशी पांढरे, बाकी सगळे नारिंगी.'

मी सात वर्षं रोज बघतेय आणि मलाही दिसलं नव्हतं. तर आता 'नारिंगी'ला कोणतं शेपूट लागतं, ते सांगा. शेजारच्या काकू म्हणताहेत, 'नारिंगीभडक' म्हणू नका, आजी वाचेल.